माती-पेंढ्याचं चर्च साडेतीनशे वर्षं उभं कसं राहिलं? श्विदनित्साच्या चर्च ऑफ पीसबद्दल

प्रश्न असा आलाय: नोकरीसाठी पोलंडमधल्या व्रोत्सवाफला राहणारे एक जण वीकेंडला श्विदनित्साचं ‘चर्च ऑफ पीस’ बघून आले. गाइडने सांगितलं की हे ल्यूथरन (मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंटांचं) चर्च एका वर्षाच्या आत, फक्त लाकूड, माती आणि पेंढा वापरून, एकही खिळा न ठोकता बांधलं, आणि सम्राटाने अटीच अशा घातल्या होत्या की ते लवकर पडावं. त्यांना विचारायचंय की यात खरं किती आणि टुरिस्टांसाठी घातलेला मसाला किती, माती-पेंढ्याचं आहे तर अजून उभं कसं, आणि प्रोटेस्टंट लोक साधेपणावाले म्हणतात मग आत एवढा सोन्याचा झगमगाट कसा.

मी जुन्या लाकडी इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, इकडे मुख्यतः वाडे आणि देवळांचे सभामंडप. कामाच्या निमित्ताने पोलंडमधली ही चर्चेस आतून-बाहेरून बघितलीत, त्यामुळे उत्तर लाकडाच्या अंगाने जास्त जाईल, सांभाळून घ्या.

आधी थोडक्यात. अटी खऱ्या आहेत. वर्षाच्या आत बांधलं हे पण खरं. खिळ्यांची गोष्ट अर्धी खरी. आणि ‘मातीचं चर्च’ हे मात्र चूक, कारण मातीवर त्या इमारतीचा काडीचाही भार नाहीये. ते ओकच्या लाकडाचं चर्च आहे, माती फक्त मधली भोकं बुजवायला. हे एकदा नीट कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आता इतिहास, जेवढा लागतो तेवढाच. तीस वर्षांचं युद्ध 1648 ला वेस्टफालियाच्या तहाने संपलं. सायलेशिया, म्हणजे श्विदनित्सा ज्या प्रांतात येतं तो, तेव्हा हाप्सबर्गांच्या, म्हणजे कॅथलिक सम्राटाच्या ताब्यात, आणि तिथली बरीचशी जनता ल्यूथरन. काही ड्यूक लोकांच्या जहागिऱ्यांमध्ये आणि ब्रेस्लाउ शहरात (आजचं व्रोत्सवाफ) ल्यूथरनांना त्यातल्या त्यात मोकळीक राहिली, पण जो भाग थेट सम्राटाच्या हाताखाली होता तिथली शेकडो चर्चेस त्यांच्याकडून काढून घेतली गेली. तहात स्वीडनने जोर लावला म्हणून सम्राट फर्डिनांड तिसरा फक्त तीन नवी चर्चेस बांधू द्यायला तयार झाला, ग्वोगुफ, यावोर आणि श्विदनित्सा. तहामुळे मिळाली म्हणून नाव ‘शांतीची चर्चेस’. आणि मग अटींची यादी: गावाच्या तटबंदीबाहेर बांधायचं, तोफेच्या गोळ्याच्या टप्प्याइतकं लांब. दगड-विटा नाहीत, फक्त लाकूड, माती, वाळू, पेंढा. टॉवर नाही, घंटा नाही. वर्षाच्या आत पूर्ण. आणि सगळा खर्च तुमचा तुम्ही.

गाइड लोक इथे ‘सम्राट दुष्ट होता’ एवढं सांगून पुढे जातात. अपमान करायचा होता हे उघडच आहे, पण मला त्यात लष्करी हिशोबही दिसतो. श्विदनित्सा हे तटबंदीचं गाव. तटाबाहेर पक्की दगडी इमारत उभी राहिली तर वेढा घालणाऱ्या शत्रूला ती आयतं मोर्चाचं ठिकाण मिळणार, उंच टॉवर असेल तर टेहळणीची सोय पण. लाकडाचं असेल तर वेळ आली की जाळून टाकता येतं. कुठल्याही किल्लेदाराला समोरचं मैदान मोकळं हवं असतं, हे आपल्याकडच्या किल्ल्यांवर फिरलेल्या माणसाला सांगायला नको.

आणि गंमत म्हणजे ल्यूथरनांनी डिझाइनला माणूस निवडला तोही तटबंदीवालाच. ब्रेस्लाउचा आल्ब्रेख्ट फॉन झेबिश (1610–1688), किल्ल्यांचा आणि तटबंदीचा इंजिनियर. यावोरचं चर्च 1654–55 मध्ये त्याचंच, आणि त्यानंतर श्विदनित्साचं. श्विदनित्साची कोनशिला 23 ऑगस्ट 1656 ला बसली आणि पहिली प्रार्थना 24 जून 1657 ला झाली, म्हणजे दहा महिने. चर्च बांधून चर्चसारखं दिसलं पाहिजे याची त्याला फारशी फिकीर नसावी असं मला तिथे उभं राहून नेहमी वाटतं. बाहेरून ते एखाद्या अवाढव्य गोदामासारखंच दिसतं, काळं लाकूड, पांढरे चौकोन आणि वर छपरांवर छपरं. त्याच्यापुढे प्रश्न एकच होता, अख्ख्या मुलखाचे लोक एका छपराखाली कसे बसवायचे आणि शेवटच्या माणसालाही प्रवचन ऐकू कसं जायचं.

इथे जरा कॅलक्युलेटर काढा. जमिनीचं क्षेत्रफळ साधारण 1090 चौरस मीटर. माणसं मावतात 7500, त्यातली 3000 बसून. हे सगळे जमिनीवरच उभे केले तर एका चौरस मीटरमध्ये जवळपास सात माणसं येतात, म्हणजे श्वास घ्यायचीही सोय नाही. म्हणून गॅलऱ्या. दोन मोठे मजले गॅलऱ्यांचे, आणि त्यांच्या मध्ये-मध्ये नंतर घुसवलेल्या छोट्या गॅलऱ्या आणि खासगी लोजा (थिएटरातल्या बॉक्ससारख्या राखीव जागा). माणसाचं वजन सरासरी 65 किलो धरलं तर पूर्ण भरलेल्या चर्चमध्ये 490 टनांच्या आसपास माणूस आहे, आणि त्यातला मोठा वाटा अधांतरी, लाकडी तुळयांवर. आणि हे वजन गप्प बसलेलं नाही, प्रार्थनेला सगळे एकदम उठतात, एकदम बसतात. ‘पडावं म्हणून बांधायला लावलेल्या’ इमारतीत रोजचा लोड हा असा होता, ते बांधणाऱ्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि त्याने त्या हिशोबाने बांधलं. त्यामुळे चमत्कार वगैरे म्हणायला मी तयार नाही.

प्लॅन क्रॉसच्या आकाराचा आहे, लांबी 44 मीटर, आडव्या हातांची रुंदी 30 मीटरच्या थोडी वर. आत कुठलीही ‘भिंत’ भार घेत नाही. उंच ओकचे खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, आणि कोपऱ्या-कोपऱ्यात तिरके टेकू. हे तिरके टेकू म्हणजे या सगळ्या प्रकाराचा जीव. खांब आणि तुळई नुसती काटकोनात जोडली तर वाऱ्याने चौकट एका बाजूला कलते, त्यात तिरकं लाकूड घातलं की त्रिकोण तयार होतो आणि त्रिकोण कलत नाही. बाहेरून भिंतीवर ज्या काळ्या तिरक्या पट्ट्यांची नक्षी दिसते, ज्याचे सगळे फोटो काढतात, ती नक्षी नाहीये, वारा अंगावर घेणारी लाकडं आहेत ती. आणि गॅलऱ्यांचं पण तसंच. गॅलरीच्या तुळया खांबांना मध्यावर धरून ठेवतात, त्यामुळे एवढा उंच खांब मध्येच वाकत नाही. म्हणजे माणसं बसवायला म्हणून घातलेल्या गॅलऱ्यांनीच मधला उंच हॉल चारी बाजूंनी आवळून धरलाय. एखाद्याने उद्या ‘आतून मोकळं दिसावं’ म्हणून गॅलऱ्या काढल्या तर इमारत धोक्यात येईल. वाड्यांच्या बाबतीत हे लोक सर्रास करतात, माडी काढतात, हॉल मोठा करतात आणि मग विचारतात की भिंत का फुगली.

आता माती. खांब-तुळयांच्या चौकटीत जे रिकामे चौकोन राहतात त्यात उभ्या काठ्या ठोकून बसवायच्या, त्यांच्याभोवती पेंढा कालवलेली ओली माती लपेटायची, थापायची, वाळली की वरून चुन्याचा हात. आपल्याकडे कोकणात कारवीचा कूड घालतात तोच प्रकार, फक्त कारवीच्या जागी तिकडचं लाकूड आणि शेणाचा भाग नाही. पेंढा कशासाठी? माती वाळताना आकसते आणि तडकते, पेंढ्याचे धागे ती तडक पसरू देत नाहीत. शिवाय अशी भिंत उबदार राहते, हलकी असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओलावा शोषते आणि परत सोडते. लाकडाला लागून माती असणं हे लाकडासाठी चांगलंच आहे, कारण माती लाकडापेक्षा कोरडी राहते आणि त्यातलं पाणी ओढून घेते. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर त्याला बुरशी धरत नाही, साडेतीनशे काय हजार वर्षं पण ते उभं राहील. वाट लागते ती कुणीतरी शहाणा येऊन त्या मातीवर सिमेंटचा गिलावा मारतो तेव्हा. सिमेंट आणि लाकूड वेगवेगळे हलतात, मध्ये केसाएवढी फट पडते, पावसाचं पाणी आत जातं आणि सिमेंट ते बाहेर येऊ देत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत, आतून खांबाचा भुसा. अशी केस मी महाराष्ट्रात इतक्या वेळा बघितलीय की आता वाड्यात शिरल्यावर आधी सिमेंट कुठे कुठे मारलंय तेच शोधतो.

आणि मातीच्या भिंतीचा अजून एक फायदा असा की ती खराब झाली तर एक चौकोन काढून नवीन भरता येतो, बाजूच्या चौकोनाला कळत पण नाही. सम्राटाने ‘नाशवंत’ म्हणून दिलेलं मटेरियल दुरुस्तीला सगळ्यात सोपं निघालं. दगडी भिंत फुगली तर तिला आधार देऊन उतरवून परत रचायला लागते.

खिळ्यांचं बघू. मुख्य सांधे लाकडालाच लाकूड अडकवून केलेले आहेत: एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, दुसऱ्यात तेवढंच भोक कोरायचं, जीभ त्यात बसवायची आणि आरपार भोक पाडून ओकची खुंटी ठोकायची. यात गूढ काही नाही, त्या काळी मोठी लाकडी चौकट सगळीकडे अशीच करायचे. ओकमध्ये टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) भरपूर असतं, ओल्या ओकमध्ये लोखंडाचा खिळा ठोकला की टॅनिनमुळे तो गंजतो आणि भोवतीचं लाकूड काळं पडतं. शिवाय ओक ओलं असतानाच घडवत, कारण वाळलेलं ओक हत्याराला दाद देत नाही. ओलं लाकूड नंतर वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळपास नाहीच, त्यामुळे भोक खुंटीवर आवळलं जातं आणि सांधा वर्षा-दोन वर्षांत उलट घट्ट होतो. तुम्ही परत गेलात तर बाहेरच्या भिंतीवर सांध्यापाशी बोटाएवढ्या जाड खुंट्यांची डोकी दिसतील, काही जरा बाहेर आलेली असतील. ती ढिली झालीत म्हणून नाही, खुंटी मुद्दामच थोडी लांब ठेवत. मात्र अख्ख्या इमारतीत कुठेही लोखंड नाही असं समजू नका, बिजागऱ्या, कड्या, फळ्या, नंतरची कामं, त्यात लोखंड येणारच.

एक वर्षात कसं केलं, तर याचं उत्तर सुतारांच्या आवारात आहे. अशा चौकटी जागेवर एक-एक लाकूड चढवत बांधत नसत. सगळी लाकडं जमिनीवर आडवी मांडून, एकेक सांधा बसवून बघून, प्रत्येक लाकडावर छिन्नीने खूण करून परत सुटी करत आणि मग साइटवर नेऊन नंबरप्रमाणे उभी करत. आज आपण प्रीफॅब म्हणतो तेच. लाकडाची उपलब्धता हा खरा प्रश्न होता, आणि तो सुटला जवळच्या क्शोंझच्या (तेव्हाचं फ्युर्स्टेनस्टाइन) होखबेर्ग घराण्यामुळे. त्यांनी 2000 ओक दिले, एकूण लाकडाच्या जवळपास दोन तृतीयांश. त्याची परतफेड म्हणून आत त्यांच्या नावाची खासगी लोज आहे, 1698 ची, बघितली असेलच, सगळ्यात मोक्याच्या जागी. बाकी पैसे प्रोटेस्टंट राजे-राजवाडे आणि सामान्य लोकांकडून वर्गणीने. थोडक्यात मंडळाने मांडव घातला तसाच कारभार, फक्त हा मांडव कायमचा राहिला.

आता टिकलं कसं या प्रश्नात एक गोष्ट लोक विसरतात. तीन बांधली होती, उरली दोन. ग्वोगुफचं 1758 ला जळालं. म्हणजे लाकडाच्या चर्चला आगीची भीती होतीच, आणि श्विदनित्सा तर सात वर्षांच्या युद्धात 1757 ते 1762 मध्ये एकदा ऑस्ट्रियाकडे (म्हणजे हाप्सबर्गांकडे), एकदा प्रशियाकडे (जर्मन प्रोटेस्टंट राज्य) असं चार वेळा हातात गेलं, वेढे पडले, तोफा चालल्या, आणि हे चर्च तटाबाहेर उघड्यावर उभं. नंतर नेपोलियनची फौज आली. त्यातून वाचलं यात नशिबाचा वाटा आहे हे मान्य करायलाच हवं. जाड ओक आगीत लगेच कोसळत नाही, बाहेरचा थर कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला काही वेळ वाचवतो, पण छपराने एकदा पेट घेतला की कुठलंही ओक उपयोगाचं नाही.

नशिबाशिवायचा वाटा म्हणजे छप्पर आणि जोतं. लाकडी इमारत डोक्याकडून आणि पायाकडून मरते, मधून नाही. डोक्यावर उतार तीव्र, वळचणी पुढे काढलेल्या, एकाखाली एक छपरं, त्यामुळे पाऊस आणि बर्फ भिंतीपासून लांब पडतो. पायाशी जोतं आणि त्यावर आडवी तुळई, तिच्यावर खांब, म्हणजे खांबाचं टोक थेट ओल्या जमिनीत नाही. तरीही ही खालची तुळई पहिली कुजते. जमिनीवरून उडालेले पावसाचे थेंब, साठलेला पाचोळा, वाढलेली मातीची लेव्हल, कारणं सगळीकडे तीच. दुरुस्ती करताना अख्खी तुळई बदलत नाहीत, कुजलेला तुकडाच कापून तिथे त्याच जातीच्या लाकडाचा नवा तुकडा तिरका सांधा मारून जोडतात. श्विदनित्साला बाहेरून चक्कर मारताना गुडघ्याच्या उंचीवर बघत चाला, लाकडाचा रंग मध्येच बदललेला दिसेल, ते पॅच. पर्यटक वर बघतात, आमच्यासारखे खाली.

आतल्या झगमगाटाकडे येतो. ‘प्रोटेस्टंट म्हणजे पांढऱ्या भिंती’ ही समजूत कॅल्विन या दुसऱ्या प्रोटेस्टंट सुधारकाच्या बाजूच्या चर्चेसमुळे झालीय. ल्यूथरनांचं चित्रांशी वाकडं नव्हतं, चित्राची पूजा करू नका, पण चित्रातून बायबल शिकवायला हरकत नाही, असा त्यांचा पवित्रा. (ल्यूथरन लोकांशी आपला संबंध काय असं वाटत असेल तर तंजावरचे सरफोजी राजे भोसले आठवा, त्यांना ज्याने शिकवलं तो श्वार्ट्झ पाद्री ल्यूथरनच, आणि जन्माने आज पोलंडमध्ये असलेल्या एका गावचा.) आणि श्विदनित्साच्या बाबतीत अजून एक कारण आहे. बाहेरून काय दिसायचं ते सम्राटाने ठरवलं होतं, आतून काय करायचं यावर अट नव्हती. मग सगळी हौस आत. हे एका दमात झालेलं नाही, जवळजवळ शंभर वर्षं चाललं. मुख्य ऑर्गन 1660 च्या दशकात, छताची चित्रं 1694 ते 1696 मध्ये (बायबलच्या शेवटच्या पुस्तकातले, म्हणजे प्रकटीकरणाचे देखावे, चित्रकार झ्युसेनबाख आणि कोलिच्की), वेदीवरचा छोटा ऑर्गन 1695, प्रवचनाचं व्यासपीठ 1729, आणि मोठी वेदी 1752 ची, चर्चच्या शंभरीसाठी. व्यासपीठ आणि वेदी दोन्ही गॉटफ्रीड आउगुस्ट होफमानची. संगमरवर वाटतो ते सगळं रंगवलेलं लाकूड आहे. जवळ जाऊन बघितलंत तर ‘संगमरवरी’ खांबावर उभी बारीक चीर दिसते, लाकूड वाळताना पडलेली. दगडाला अशी चीर जात नाही.

व्यासपीठावर वाळूचं घड्याळ ठेवलंय ते चुकवू नका. ल्यूथरन उपासनेत प्रवचन हा गाभा, आणि प्रवचन लांबत असे. व्यासपीठाची जागा पण बघा, टोकाला वेदीपाशी नाही, बाजूच्या खांबाला, जिथून सगळ्या हातांतल्या गॅलऱ्यांकडे आवाज पोचेल. माणसांनी गच्च भरलेला लाकडी हॉल आवाजाला फार छान असतो, दगडी चर्चसारखा प्रतिध्वनी घुमत बसत नाही, शब्द शब्द कळतो. आज तिथे बाख या जर्मन संगीतकाराच्या संगीताचा फेस्टिवल होतो तो उगाच नाही.

इथल्या पाद्र्यांमध्ये एक बेंजामिन श्मोल्क, अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून 1737 पर्यंत इथे होता, जर्मन भक्तिगीतांमध्ये मोठं नाव. त्याच्या काळात तीन पाद्री मिळून आजूबाजूची 36 गावं सांभाळत, आणि कुणी आजारी असेल तर त्याच्या घरी प्रभुभोजन न्यायला स्थानिक कॅथलिक पाद्र्याची परवानगी लागायची. हे वाचलं की कळतं 7500 जागा कशासाठी लागत होत्या. रविवारी लोक पहाटे घरून निघून मैलोनमैल चालत येत असणार, आणि आत प्रत्येकाची जागा ठरलेली, व्यापाऱ्यांच्या आणि कारागिरांच्या संघांच्या गॅलऱ्या वेगळ्या, खानदानी लोकांच्या लोजा वेगळ्या. समतेचं वगैरे काही नव्हतं बरं का तिथे, बसण्याची जागा म्हणजे गावातली पत.

घंटेचं काय झालं? स्वीडनचा राजा चार्ल्स बारावा 1707 मध्ये फौज घेऊन सॅक्सनीत येऊन बसला आणि सम्राट योझेफ पहिल्याकडून आल्टरानश्टेटचा करार करून घेतला. त्यात सायलेशियाच्या ल्यूथरनांना अजून सहा चर्चेस मिळाली आणि टॉवरची बंदी उठली. श्विदनित्साला लगेच 1708 मध्ये घंटाघर झालं. पण ते चर्चला चिकटलेलं नाही, आवारात वेगळं उभं आहे. मला हे तांत्रिकदृष्ट्या पण शहाणपणाचं वाटतं, मोठी घंटा हलते तेव्हा आडवा धक्का देते, तो आयुष्यभर त्या जुन्या चौकटीला बसत राहिला असता तर सांधे ढिले झाले असते. यावोरला मात्र टॉवर चर्चला लागूनच आहे.

नंतरचं भराभर. 1740 च्या दशकात प्रशियाने सायलेशिया जिंकला, ल्यूथरनांवरची बंधनं संपली. खरं तर त्यांना आता दगडी चर्च बांधता आलं असतं. त्यांनी जुनंच ठेवलं आणि सजवलं, पैसे कमी होते की जीव जडला होता देव जाणे. 1945 नंतर सरहद्दी सरकल्या, जर्मन लोकांना जावं लागलं, आणि पूर्वेकडून उठवलेले पोलिश लोक इथे आले, बहुतेक कॅथलिक. (कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत 1943 ते 1948 राहिलेले पोलिश निर्वासितही त्याच पूर्वेकडच्या मुलखातले.) 7500 जणांच्या चर्चला आता जेमतेम शंभरेक ल्यूथरन उरले. लाकडी इमारतीला हे सगळ्यात घातक, कारण कौल सरकलं, पन्हाळ तुंबली, हे रोज येणाऱ्या माणसाला दिसतं. मोठी दुरुस्ती 1990 नंतर पोलिश-जर्मन सहकार्यातून सुरू झाली. इथून जवळच क्शिझोवाला नोव्हेंबर 1989 मध्ये, बर्लिनची भिंत पडल्याच्या आठवड्यातच, पश्चिम जर्मनीचे चॅन्सलर कोल आणि पोलंडचे पंतप्रधान माझोव्हिएत्स्की भेटले होते, त्या वातावरणाचा याला फायदा झाला. 2001 ला यावोर आणि श्विदनित्सा दोन्ही युनेस्कोच्या यादीत गेली, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या लाकडी चौकटीच्या धार्मिक इमारती म्हणून.

‘सगळ्यात मोठं लाकडी चर्च’ म्हणून फिनलंडच्या केरिमाकीचं (1847) नाव पण वाचाल, गोंधळू नका. फिनलंडची लाकडी ल्यूथरन चर्चेस ओंडक्यावर ओंडका रचून केलेली असतात, उदाहरणार्थ पेतायावेसीचं 1763–65 चं, जे युनेस्कोत आहे. तिथे भिंतच भार घेते, आणि ओंडके वाळताना अख्खी भिंत खाली बसते. चौकटीचा प्रकार वेगळा, दुरुस्ती पण वेगळी. अटींच्या बाबतीत जवळचे भाऊ हवे असतील तर स्लोव्हाकियात जा. तिथे 1681 नंतर हाप्सबर्गांनी ल्यूथरनांना अशाच अटींवर लाकडी चर्चेस बांधू दिली, केझमारोकचं 1717 चं आणि ह्रॉनसेकचं 1725–26 चं आजही उभं आहे.

तुम्ही श्विदनित्सा बघून झालंय तर पुढच्या सुट्टीत यावोर करा, लेग्नित्साहून जवळ आहे. तिथे प्लॅन सरळ लांबोडका आहे, क्रॉस नाही, त्यामुळे खांबांची रांग आणि गॅलऱ्यांचे चार मजले एका नजरेत कळतात. गॅलऱ्यांच्या कठड्यांवर बायबलमधले प्रसंग आणि सरदार घराण्यांच्या ढाली रंगवल्यात, त्या बघण्यात दोन तास सहज जातात. पण आधी बाहेर उभं राहून एक तिरका टेकू निवडा, तो कुठल्या खांबाला जातोय, आत शिरल्यावर तो खांब कुठे निघतो आणि कुठली गॅलरी धरतो ते शोधा. दोन-तीन टेकू असे जुळवलेत की गाइडची गरज लागणार नाही. सकाळी जा, दुपारनंतर गॅलरीखालच्या कोपऱ्यांत उजेड मिळत नाही आणि सांधे नीट दिसत नाहीत.